बॉबिनची कोरडी फरशी

आमचा दादा पँटी शिवतो. तीस वर्षं तेच काम. काज-बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. वहिनी गेल्यापासून तिथे तो आणि त्याची मुलगी राहायचे, आणि अलीकडे तिनं रस्त्यावरून उचलून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. त्याचं नाव बॉबिन, कारण आल्या आल्या त्यानं शिलाई मशीनची दोऱ्याची बॉबिन गिळायला घेतली होती.

मुलगी नर्सिंग शिकायला दूरच्या शहरात गेली आणि घर दादाला खायला उठलं. हे मी सांगतेय; आमच्यात बोलायचा मक्ता माझ्याकडे आहे. त्यानं तिच्या खोलीतली चादर, अभ्रे, खुंटीवरचे कपडे, सगळं धुऊन काढलं, कडक इस्त्री केली आणि घड्या घालून कपाटात ठेवलं. मळकं, चुरगळलेलं कापड त्याला बघवतच नाही.

बॉबिन तिच्या खाटेपाशी झोपायचा. सात महिन्यांचा गुणी प्राणी, रात्री कधी थेंब सांडला नाही. ती गेल्यावर मात्र दोन रात्री तो खाटेखाली शिरून तिला शोधत राहिला, रडत राहिला. दादाला ते ऐकवेना. त्यानं बॉबिनचं अंथरूण दुकानात, कटिंगच्या टेबलाखाली हलवलं. दुसऱ्या सकाळी मी दुकानात पाऊल टाकलं ते थेट तळ्यात.

मग रोजच तळं. एका गिऱ्हाइकाचं लोकरी कापड भिजलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"दादा, या रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर बॉबिन माझ्या नणंदेच्या शेतावर जाणार. कापडाला वास यायला लागला तर इथे फिरकेल का कुणी?"

"आणि तिला काय सांगू?" एवढंच तो म्हणाला.

कारण ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिला प्रश्न तोच, "बाबा, बॉबिन शहाण्यासारखा झोपतो ना?" दादा ताकास तूर लागू द्यायचा नाही. "झोपतो की!"

मापाच्या वहीत कंबर-उंची लिहावी तशा त्यानं वेळा लिहिल्या. जेवण सातला. पाण्याचं भांडं नऊला उचलायचं. दहाला बाहेर फेरी, दीडला गजर लावून पुन्हा फेरी. जुना वास जावा म्हणून फरशी व्हिनेगरनं पुसली. मी एकदा पिल्लावर ओरडले तर त्यानं माझ्यावरच डोळे वटारले. पण बॉबिन बाहेर नुसता उभा राहायचा, ती गेली त्या रस्त्याकडे बघत, आणि आत आला की टेबलाखाली मोकळा व्हायचा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी, आणि पाणी कुठलं ते मी सांगायला नको.

शुक्रवारी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, कान पाहिले.

"तब्येत छान आहे. जागा बदलली, माणूस दूर गेलं, त्यानं बावरलाय. फेऱ्या चालू ठेवा. आणि अंथरुणात त्या मुलीचं काहीतरी घाला. न धुतलेलं, तिचा वास असलेलं."

दादाचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन मी कपाट उपसलं, एकेक घडी नाकाला लावली. सगळीकडे साबण आणि इस्त्री.

"अरे, एखादी तरी चिंधी सोडायची होतीस!" मी करवादले. आणि मला रडू आलं. पोरीची मलाही इतकी आठवण येत होती, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

दादा उठला. स्वतःच्या उशीच्या अभ्र्यात हात घालून त्यानं एक कुर्ता बाहेर काढला. निळा, काखेत उसवलेला, चुरगळून बोळा झालेला. माझ्याकडे पाठ करून त्यानं तो बराच वेळ नाकाशी धरला. मग खाली बसून टेबलाखाली पसरला.

"घे बाबा," तो बॉबिनला म्हणाला.

बॉबिननं कुर्त्यात तोंड खुपसलं ते काढलंच नाही. शनिवारी सकाळी फरशीवर छोटासा डाग होता. त्या रात्री दीडच्या फेरीला त्यानं पहिल्यांदा बाहेर काम उरकलं, आणि रविवारी फरशी कोरडी ठणठणीत. मी हात फिरवून खात्री केली. शेताचा विषय मी काढला नाही, दादानंही नाही.

संध्याकाळी फोन आला.

"झोपतो की," दादा म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं. "तुझा निळा कुर्ता दिलाय त्याला."

"तो उसवलेला? बाबा, तो मी टाकून द्यायला काढला होता!" ती खळखळून हसली.

"हो, टाकायचाच होता."

टेबलाखालच्या कुर्त्याला आता नुसता कुत्र्याचा वास येत होता. दादानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आणखी एखादा ठेवून जा."

"ठेवते. धुऊन, इस्त्री करून ठेवते, नाहीतर तू मलाच ओरडशील."

"नको," दादा म्हणाला. "न धुता ठेव. आणि एक नको, दोन ठेव."