तरोट्याचा वाफा

मुखेड तालुक्यातल्या त्या गावात खुरपण म्हटलं की गंगम्माचं नाव निघायचं. तिनं खुरपलेल्या पातीत गवताची काडी सापडली तर दाखवा, असं बायका पैजेवर सांगायच्या. आणि त्याच गंगम्मानं शाळेच्या परसबागेत घोटाळा करून ठेवला, तोही खुरपण्यातच.

गंगम्मा गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. घर लिंगायतांचं, शेत घरचं. पोटासाठी नाही, हौसेनं जायची. तिचा एकुलता एक श्रीशैल लातूरला क्लासला होता. त्याला मेसचं गोड लागत नाही म्हणून ती रोज पहाटे एसटीनं डबा पाठवायची. फाल्गुनात गावाकडं येताना त्याची गाडी ट्रकखाली गेली. रिवाजाप्रमाणे त्याला शेतातच बसवून माती दिली.

ती रडली नाही. बायका म्हणाल्या, रडून घे बाई, मोकळी होशील. रडणं काय नळाचं पाणी आहे, तोटी फिरवली की यायला? नवरा वीरभद्र समाधीला विभूती लावून यायचा. गंगम्मानं त्या दिवसापासून शेताकडं पाऊल टाकलं नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली तशी ती पुन्हा चुलीपुढं उभी राहिली. हात शिजवायचे, बाई कुठंच नसायची. खिचडीत एक दिवस मीठच नाही, दुसऱ्या दिवशी दोनदा. पोरं मुकाट खायची, कारण घरून दम मिळाला होता.

परसबाग वर्षाराणी मॅडमची. आधी तिथं तीच ती वांगी-टोमॅटो लावून फोटो काढले जायचे. मॅडमनी यंदा पोरांना सांगितलं, "तुमच्या घरी जे खातात, त्याचंच बी आणा." कुणी अंबाडी आणली, कुणी शेपू, शेखांच्या मुलीनं पुदिन्याच्या काड्या. दर शनिवारी एकाचा वाफा कापायचा, त्याच्या आईनं शाळेत येऊन आपल्या पद्धतीनं शिजवायचं आणि सगळ्यांनी ते खायचं. आपल्या चुलीला परक्या बाईचा हात लागतो म्हणून गतसाली गंगम्मानं घर डोक्यावर घेतलं असतं. यंदा ती नुसती बाजूला सरकली. त्यात मोठेपणा नव्हता. तिला काही वाटतच नव्हतं, एवढंच.

पुनम नावाची मुलगी गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या घिसाड्यांची. तिच्या घरी शेत नाही, तर बी कुठलं? तिनं वाळक्या शेंगा झाडून तरोट्याचं बी आणलं. पावसात कुणाच्याही बांधावर उगवणारा हा पाला शेतवाल्यांना तण, आणि पुनमच्या घरी महिनाभराचं कालवण. तिची आई सिंधु आधी तयारच नव्हती. "आमचं खाणं तुमच्या शाळेत कोण खाणार?" म्हणाली. मॅडमनी गळ घातली तेव्हा कुठं येत्या शनिवारचं कबूल केलं.

गुरुवारी मॅडम प्रशिक्षणाला गेल्या. गंगम्मानं बागेकडं पाहिलं. पुनमच्या नावाची पाटी होती आणि वाफ्यात नुसता तरोटा माजलेला. बिचारीचं बी उगवलंच नाही वाटतं, असं मनाशी म्हणत तिनं खुरपं घेतलं. वाफा आरशासारखा लख्ख केला. वर पाणीही घातलं.

दुपारी पुनम ताट घेऊन आली, वाफ्याजवळ थांबली. "ते माझं होतं," एवढंच म्हणाली. ताट जाग्यावर ठेवून निघून गेली. शुक्रवारी आली नाही.

"आता ती यायची नाही, गंगम्मा," मॅडम म्हणाल्या. "आणि तिच्या आईला कोणत्या तोंडानं बोलावू?"

गंगम्मानं ऐकून घेतलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. पण केलेलं निस्तरायला काही वाटावंच लागतं असं नाही. शाळा सुटल्यावर ती टोपली घेऊन तरोटा शोधायला निघाली. रस्त्याकडचा शेळ्यांनी खाल्लेला, बांधाबांधांवरचा तणनाशकानं करपलेला. चालता चालता ती स्वतःच्याच शेतात येऊन उभी राहिली.

सोयाबीनमध्ये कुठं तणाची काडी नव्हती. फक्त मधोमध, श्रीशैलच्या समाधीभोवती, वीतभर हिरवागार तरोटा दाटलेला. दीर धोंडप्पा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला.

"तिथं मारलं न्हाई, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "पोराच्या अंगावर औषध कसं मारू?"

गंगम्मा बसली. सवयीनं हात दोनदा मुळाशी गेला. तिनं मागं घेतला आणि नुसते कोवळे शेंडे खुडले. डोळे कोरडेच होते.

शनिवारी सकाळी टोपली घेऊन ती पालावर गेली. "तुझ्या लेकीचं मी उपटलं, तण समजून," तिनं सिंधुला सांगितलं. "हे घे, आणि चल."

"तुमच्यासाठी ते तणच हाय की," सिंधु म्हणाली. तिनं एक शेंडा चुरून हुंगला, मग पदर खोचला.

शाळेत सिंधुनं लसूण ठेचला, मुगाची डाळ टाकली आणि भाजी केली. पोरं बोटं चाटत होती. पुनम पंगतीत शेवटी बसली होती. गंगम्मा वाढायला वाकली तशी तिनं विचारलं,

"हे कुठनं आणलंत?"

"माझ्या लेकरापाशी उगवलेलं."

"ते कुठं हाय?"

"शेतात. मातीत."

पुनमनं जरा विचार केला. "मग त्याला वाढलं का?"

गंगम्माचा हात तसाच राहिला. रड म्हणाले, खा म्हणाले, विसर म्हणाले. त्याला वाढ असं एवढ्या दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग वाढा की," म्हणत पुनमनं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागली.

शाळा सुटल्यावर गंगम्मानं घरी जाऊन फळीवरचा एसटीचा डबा काढला. धुतला, पुसला. खालच्या कप्प्यात भाकरी, वरच्या कप्प्यात शाळेतनं आणलेली तरोट्याची भाजी भरली. शेतात जाऊन समाधीपुढं बसली आणि झाकण उघडून ठेवलं.

"डब्याला लई उशीर झाला रे, बाबा," ती म्हणाली. एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं.