मंदारचं पर्यावरण राहिलंय

डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी अकाउंट्स शिकवतो. या विषयात किस्से फारसे घडत नाहीत. पण बीकॉमच्या मुलांना डिग्रीसोबत पर्यावरणशास्त्राचा पेपर सक्तीचा झाला, आणि किस्से इतके साठले की आता मित्र घरी आले की तेच काढायला लावतात.

हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला? मी डबा कापडी पिशवीतून आणायचो. प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला आवड दिसतेय!"

*

बहुतेक किस्से मंदारचे. टिटवाळ्याचा मुलगा. बाकी सगळे विषय सुटलेले, पर्यावरण मात्र दोनदा राहिलेलं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी ठरलेली, पण मार्कशीट दाखवल्याशिवाय जॉइन करून घेणार नव्हते. मला त्याची मनापासून काळजी वाटायची. त्याला अजिबात नव्हती.

तोंडी परीक्षेत मी सोप्यात सोपं विचारलं, "ओझोनचा थर कुठे असतो?"

"युनिट तीनमध्ये, सर."

चूक तरी कसं म्हणणार?

*

ध्वनिप्रदूषण मोजायला त्याला शीळफाट्याच्या चौकात पाठवलं. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप, गळ्यात आयकार्ड, हातात पॅड. एका टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, "साहेब, सोडताय का इकडून?"

मंदारने सोडलं. पुढचे दोन तास तो चारही बाजूंच्या गाड्या सोडतच होता, आणि हॉर्न वाढतच होते.

रिपोर्टमध्ये त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, "सर्वाधिक आवाज सायंकाळी साडेपाच वाजता. स्रोत: मी स्वतः."

*

मग खत प्रकल्प. प्रत्येकाने घरून एका दिवसाचा ओला कचरा आणायचा होता. मंदारने स्टीलचा डबा आणला. उघडला तर आत निवडलेला पालक, सोललेले मटार आणि बारीक चिरलेला कोबी.

"अरे, कचरा कुठेय?"

"आई बोलली, सरांना साली काय पाठवायच्या, बरं नाही दिसत."

खड्डा तसाच राहिला आणि आमच्या घरी पुलाव झाला. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून बायकोने त्यात लाडू भरून दिले.

मंदारच्या जर्नलमधला निष्कर्ष: "ओल्या कचऱ्यापासून चार दिवसांत बेसनाचे लाडू मिळतात."

*

प्राचार्यही काही कमी नाहीत. पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा नाही, रोप द्यायचं, असा त्यांचा नियम. रोप मात्र एकच! तीन वर्षं तीच जास्वंदीची छोटी कुंडी. फोटो झाला की आमचे शिपाई गावडेकाका पाहुण्यांना अदबीने म्हणायचे, "द्या, गाडीत ठेवतो." कुंडी मागच्या जिन्याने परत ऑफिसात.

काका म्हणायचे, "हिचे जेवढे फोटो झाले, तेवढे माझ्या लग्नात नाय झाले."

*

मंदारचा शेवटचा चान्स होता वृक्षारोपणाचा. एक रोप लावायचं आणि सहा महिने, दर महिन्याला त्याच्यासोबत फोटो काढायचा. तपासायला बाहेरून एक कडक मॅडम आल्या. सत्कार नुकताच झालेला, गावडेकाका चहा आणायला गेलेले, त्यामुळे कुंडी अजून मॅडमच्याच हातात होती.

दुसऱ्या हाताने त्यांनी फाइल चाळली. "पहिल्या महिन्यात आंबा, मग पेरू, मग शेवगा. यातलं तुझं झाड कुठलं?"

"खाली बांधलंय, मॅडम."

आम्ही खाली गेलो. गेटच्या खांबाला एक शेळी बांधलेली. टिटवाळ्याहून टेम्पोत घालून आणलेली.

"सहाही झाडं हिनेच खाल्ली," मंदार म्हणाला. "शेजारच्या काकूंची आहे. तुम्हाला खोटं वाटेल म्हणून आणली. चारच्या आत परत द्यायचीय."

गेली याची नोकरी, मी मनात म्हटलं.

मॅडम शेळीला नीट बघायला वाकल्या. शेळीनेही त्यांच्या हातातली कुंडी नीट बघितली. तीन वर्षांची जास्वंद अर्ध्या मिनिटात मुळासकट गेली. चहाचा ट्रे घेऊन आलेले गावडेकाका जागीच थिजले.

मॅडमनी रिकामी कुंडी काकांच्या ट्रेमध्ये ठेवली. पेन काढलं. फाइलवरचं 'वृक्षारोपण' खोडून वर लिहिलं, 'अन्नसाखळी'. आणि खाली शेरा मारला:

"प्रात्यक्षिकासह. उत्तीर्ण."