समोरच्यांची एकतीस तारीख

दुकानदाराकडं किस्से कधी साचतात, माहितीये? गिऱ्हाईक नसतं तेव्हा! ज्याच्या दुकानात गर्दी, त्याला घाम पुसायला सवड न्हाई, तो काय किस्से सांगणार? म्हणून आमच्या गल्लीतले सगळे किस्से माझ्याकडं आहेत, आणि सगळं गिऱ्हाईक भानुदासकडं.

भानुदासचं दुकान माझ्या बराबर समोर. त्याचंबी स्टीलच्या भांड्यांचं, माझंबी. नवीन जालन्यात एकाच सेठच्या हाताखाली दोघं शिकलो, एकाच वर्षी दुकानं टाकली आणि वीस वर्षं दुपारचा डबा एकत्र खाल्ला. एक दिवस त्याच्या गादीवर, एक दिवस माझ्या. त्याच्या घरची शेंगदाण्याची चटणी मी माझीच समजून खायचो.

आणि हो, मी भानुदासवर जळतो. सरळ सांगून टाकतो, उगीच तुम्ही अंदाज बांधत बसायला नको.

* * *

सुरुवात पार्किंगवरून झाली. गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की मधून ऑटो जाईना. मंग नवीन वर्षापासून नियम आला: एका बाजूला फक्त सम तारखेला गाड्या लावायच्या, दुसऱ्या बाजूला फक्त विषम तारखेला. आता तुम्हीच सांगा, जिथं गाडी तिथंच माणूस खरेदी करणार ना? स्टीलची पाण्याची टाकी डोक्यावर घेऊन गर्दीतून रस्ता ओलांडायची हौस कुणाला हाय?

व्यापाऱ्यांची बैठक झाली. ट्रॅफिक पोलिसांचे साहेब आल्ते, भला माणूस. म्हणले, "कोणत्या बाजूला सम पाहिजे, तुम्हीच ठरवा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून राह्यले. मी गुपचूप खिशातलं कॅलेंडर काढलं आणि त्या वर्षीची धनत्रयोदशी बघितली. सम! भांडीवाल्याला आणखी काय पाहिजे? त्या एका दिवसावर आमचं अर्धं वर्ष चालतं. ताडकन उभा राह्यलो आणि ओरडलो, "सम आम्हाला!"

भानुदास समोरच्या रांगेचा पुढारी. तो म्हणला, "मंग आम्हाला विषम चालंल."

माझ्या बाजूच्या अकरा दुकानदारांनी माझी पाठ थोपटली. भानुदासचं तोंड कसं पडलंय ते बघायला मी मान वळवली, तर तो आरामात चहात बिस्कीट बुडवून राह्यला होता!

* * *

जानेवारी संपत आला. एकतीस तारखेला समोर गाड्यांची रांग. ठीक हाय, म्हणलं, विषम तारीख. उद्या आपली बारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी दुकान झाडून, टाक्या बाहेर मांडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. आणि बघतो तर काय, गाड्या पुन्हा समोरच! मी पळत रस्त्यावर आलो. "अरे, काल तुमचा दिवस झाला की!"

ड्युटीवरचा पोलीस म्हणला, "काका, काल एकतीस. आज एक. दोन्ही विषम."

मी तिथंच उभ्या उभ्या बोटांवर महिने मोजले. एकतीस दिवसांचे सात महिने! म्हंजे समोरच्यांना वर्षाला सात दिवस जास्त! लीप वर्षात फेब्रुवारीची एकोणतीस धरून आठ!! आणि हे मी स्वतः मागून घेतलं होतं. उभं राहून. ओरडून.

आमच्या बाजूची अकरा माणसं आपापल्या दुकानाच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. कुणी पाठ थोपटली न्हाई.

त्याच दुपारी भानुदास डबा घेऊन रस्त्याच्या मधोमध आला. "सुदाम, आज कुणाकडं बसायचं?"

मी म्हणलो, "तुमच्याकडं गिऱ्हाईक आहे, तुम्ही बसा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं. तो डबा घेऊन परत गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हंजे तो बोलायचा, हात करायचा, "जेवलास का?" म्हणून लांबूनच खुणा करायचा. मी पंख्याकडं बघायचो.

* * *

पण मी काय गप्प बसणारा माणूस न्हाई! अर्ज लिहिला. "एकतीस तारीख कोणत्याही बाजूची धरू नये, अथवा दोन्ही बाजूंस निम्मी-निम्मी वाटून द्यावी." ट्रॅफिकच्या ऑफिसात टेबलामागं एक ताई होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"म्हंजे काका, दुपारपर्यंत एकतीस तारीख?"

"हां."

"आणि दुपारनंतर काय म्हणायचं? बत्तीस?"

* * *

मंग मला एक जबरदस्त आयडिया सुचली. गुढीपाडव्याला गिऱ्हाइकांना वाटायला मी कॅलेंडर छापून घेतलं. आमचे सगळे सम दिवस हिरवे, बाकीचे लाल. खाली ठळक अक्षरात, "हिरव्या दिवशी या, दुकानासमोर गाडी लावा!" लोकांना इतकं आवडलं की शहागडपर्यंत घराघरात भिंतीवर लागलं. मी खूश!

महिनाभरानं शहागडच्या एक मावशी समोरच्या दुकानातून बाहेर पडताना दिसल्या. दोन मोठी पातेली, एक परात, वर डब्यांचा सेट. माझं जुनं गिऱ्हाईक! मी धावत गेलो. "मावशी, आमचं काही चुकलं का?"

"न्हाई रे बाबा. आज लाल हाय ना?"

"मंग?"

"मंग काय? लाल दिवशी तुझ्याकडं येऊ नका असं तूच छापलंय की! मला आजच पाहिजे होतं, म्हणून हिकडं गेले."

वर म्हणतात कशा, "कॅलेंडर लई कामाचं हाय बरं का. पुढच्या वर्षीबी दे."

* * *

आता हा किस्सा सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

एकदा सम तारीख होती. आमचा दिवस, गाड्या आमच्याच बाजूला लावायच्या. आणि भानुदासच्या दुकानासमोर एक पांढरी कार उभी! माझ्या पोटात असं काही दुखलं म्हणता! विषम दिवस त्याचे, एकतीस तारखा त्याच्या, आणि आता सम दिवसबी त्याचेच का? मी लगेच टोइंगवाल्याला फोन लावला. दहा मिनिटांत गाडी उचलली. मी दारात उभा राहून मजा बघून राह्यलो.

तेवढ्यात भानुदासच्या दुकानातून एक माणूस ओरडत बाहेर आला. "ओ, माझी गाडी! माझी गाडी!"

माझा मेव्हणा! अंकुशनगरचा! बायकोचा सख्खा भाऊ! पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्ता, आणि समोर गेल्ता! कार नवी घेतलेली, मला कुठून ओळखू येणार?

मी म्हणलो, "अरे, आपलं दुकान असताना तू तिकडं? आणि गाडी चुकीच्या बाजूला कशाला लावली? आज आपल्या बाजूला मोकळी जागा होती की!"

तो म्हणला, "दाजी, तुमच्या दारात लावली असती तर तुम्हाला दिसली नसती का?"

घरी आमची मंदा दोन दिवस माझ्याशी धड बोलली न्हाई. भाऊ समोर गेला म्हणून न्हाई हो, मी त्याची गाडी उचलायला लावली म्हणून!

* * *

शेवटी धनत्रयोदशी उगवली. माझी! सम! ज्या दिवसासाठी एवढं सगळं सोसलं तो दिवस. पहाटे उठून दुकान उघडलं. झेंडूच्या माळा लावल्या, लोट्यांचा मनोरा रचला, मंदालाबी मदतीला घेतलं. आज समोरच्याला दाखवतोच, म्हणलं!

नऊ वाजता गल्लीच्या तोंडाला पोलिसांनी दोरी बांधली. गर्दीमुळं दिवसभर सगळ्या गाड्यांना बंदी! सम न्हाई, विषम न्हाई, सायकलसुद्धा आत न्हाई.

लोक पायी आले. तोबा गर्दी! आता पायी येणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच, हो ना? कुठंबी जावं. तर ती गर्दी भानुदासकडं गेली. तो प्रत्येकाला पाणी विचारत होता, म्हाताऱ्या बायांना स्टूल देत होता, नुसती वाटी घेणाऱ्यालाबी दहा वाट्या काढून दाखवत होता. मी दारात बसून हे सगळं बघत होतो.

मंदा लोटे पुसत म्हणली, "हेबी पार्किंगमुळंच का?"

"होय!" मी म्हणलो.

 तिनं पुढचा लोटा पुसायला घेतला.

* * *

आता यातला सगळ्यात भारी किस्सा.

वर्षअखेरीला ऑफिसातून निरोप आला. दोन्ही बाजू राजी असतील तर नवीन वर्षापासून सम-विषम अदलाबदल करून मिळंल. आमचे अकरा जण माझ्या दुकानात घुसले. "सम तूच मागितलं होतं, आता विषम तूच आणायचं. समोरच्यांच्या वतीनं भानुदासची सही पाहिजे. जा!"

जा म्हणे! ज्याच्याशी वर्षभर बोललो न्हाई, त्याच्या दारात जाऊन त्याचेच जास्तीचे दिवस मागायचे? पण न्हाई म्हणायला तोंड कुठं होतं? चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी कागद घेतला आणि रस्ता ओलांडला. वीस पावलांचा रस्ता, पण संपंना!

भानुदास दोन गिऱ्हाइकं सोडून उठला. "ये ये, बस!"

मी बसलो न्हाई. कागद पुढं केला. "इथं सही पाहिजे."

त्यानं खिशातून पेन काढला आणि सही केली. एक शब्द विचारला न्हाई! म्हणला, "चहा सांगू का?"

"नको," म्हणलो, बाहेर पडलो आणि तसाच ऑफिसात जाऊन कागद देऊन आलो.

आता मला सांगा, असं कुणी करतं का? सात दिवस असे कुणी सोडतं का? माझं डोकं फिरलं. याला काहीतरी माहीत असणार! पुढच्या वर्षाची धनत्रयोदशी बघितली, सगळे सण तपासले. विषम आपल्याच फायद्याचं दिसून राह्यलं होतं. मंग यानं सही केली कशाला? आपल्या बाजूला गटारीचं खोदकाम निघणार असंल. न्हाईतर नियमच बदलणार असंल, आणि याला आतून खबर असंल. दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई. तिसऱ्या दिवशी सरळ ऑफिसात गेलो आणि अर्ज मागं घेतला.

ताई म्हणल्या, "काका, वर्षभर याच्यासाठीच चकरा मारून राह्यले होते ना तुम्ही?"

मी म्हणलो, "समोरच्यानं जल्दी सही केली. कायतरी भानगड हाय."

हे आमच्या अकरा जणांना अजून माहीत न्हाई. कृपा करून सांगू नका.

त्याच दुपारी भानुदास माझ्या दुकानात आला. हातात डबा. बसायला सांगायच्या आधीच माझ्या गादीवर बसला.

"काय झालं रे त्या कागदाचं?"

"मागं घेतला."

"का?"

"का म्हणजे? आधी तू सांग, तू सही का केली?" वर्षभरात पहिल्यांदा तोंडातून 'तू' निघून गेलं. "खरं सांग भानुदास. काय माहीत हाय तुला?"

"मला काय माहीत असणार?"

"मंग कागद वाचून काहीतरी विचार केलाच असशील ना?"

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, चटणी माझ्याकडं सरकवली.

"कागद कोण वाचतंय? तू वर्षभरानं माझ्या दुकानात आल्तास. मी वाचत बसलो असतो आणि तू निघून गेला असतास तर?" मंग घास हातात धरून त्यानं मला विचारलं, "काय लिवलं होतं रे त्याच्यात?"