लाल रेघ

परवा मुलीबरोबर एजवेअरच्या, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये गेलो. जुन्या पुस्तकांचा ओलसर वास आला आणि ऐंशीच्या दशकातली, कार्डिफला तिच्या शाळेत शिक्षकांना भेटायची पेरेंट्स इव्हनिंग आठवली.

तेव्हा मुलीनं निबंधात लिहिलं होतं की तिच्या लाडक्या लेखकाला अद्भुतकथेची वाट एका जुन्या स्कॉटिश लेखकानं दाखवली. सरांनी ते वाक्य लाल शाईनं खोडलं होतं.

"थोर प्रतिभेला उसनवारी लागत नाही," सर टाय सावरत म्हणाले.

"पण त्यानं स्वतःच हे ऋण मानलंय!" मी म्हणालो.

"तो त्यांचा विनय."

"अहो, हळू," बायको पुटपुटली. मुलगी मान खाली घालून बसली होती. विनय थोरांचा, आणि लाल रेघ तिला!

परवा तिनंच त्या स्कॉटिश लेखकाचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर तिच्या लाडक्या लेखकाची शिफारस छापली होती, आणि या शिष्याचं नाव गुरूच्या नावाहून मोठं होतं.

"हे त्यांच्यासारखंच लिहितात का?" काउंटरवरच्या बाईंनी त्या मोठ्या नावावर बोट ठेवून विचारलं.

"नाही, तेच यांच्यासारखं लिहायचे," मुलगी म्हणाली. चांगली मोठ्यानं.