पंधरा दिवस निळी सॅक

जॉर्जियाहून परतल्यावर आमच्या चौबे कॉलनीत ज्याने त्याने विचारलं, काय काय पाहिलं. खरं सांगितलं असतं तर लोक हसले असते. मी पंधरा दिवस एक निळी सॅक पाहिली. सॅकच्या वर यांची टोपी, खाली यांचे दोन पाय, आणि हे सगळं माझ्यापासून पंधरा-वीस पावलं पुढे. तिबिलिसीत तीच, कुताइसीत तीच, मेस्तियाच्या डोंगरातही तीच. तिची चेन कुठे अडकते हे मी आजही डोळे मिटून सांगेन.

हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, मी सरकारी कचेरीत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच कुठे गेलो असं एकदाही घडलं नव्हतं. नागपूरची लग्नं, बोधगयेची सहल, प्रत्येक वेळी बसभर माणसं आणि त्यातल्या कोणाला तरी उलटी होणार हे ठरलेलं. आमची पोरगी हैदराबादला नोकरी करते आणि मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. ती म्हणाली, इस बार आप दोनों अकेले जॉर्जिया जाओ, पाठीवर सॅक टाकून. यांनी तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून टाकलं. तिकडच्या बर्फाची मला हौस नव्हती. मला एवढंच हवं होतं, की एखादी चांगली गोष्ट आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून, एकाच वेळी पाहावी.

यात मागण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण हे माझ्यासोबत चालतच नाहीत, पुढे चालतात. गोल बाजारात भांडी घ्यायला गेलो तर मी पोचेपर्यंत यांचा दुकानदाराशी भाव करून झालेला असतो. आणि हे घराण्यातून आलेलं आहे. माझे सासरे भनपुरीच्या एका कारखान्यात होते. अशोक विजयादशमीला सगळ्या कुटुंबाला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. त्या गर्दीत सासरे पुढे, खांद्याने वाट काढत, आणि मागे सासूबाई आणि चार पोरं एकमेकांचे कपडे धरून. पुढच्याने मागे पाहायचं नाही, मागच्यांनी पुढच्याची पाठ सोडायची नाही, हा नियम. एकही पोरगं कधी हरवलं नाही, हे आमचे साहेब इतक्या अभिमानाने सांगतात की त्यावर बोलायची सोय नाही.

जायच्या आधी महिनाभर आम्ही सॅकमध्ये पाच-पाच किलो तांदूळ भरून पहाटे कॉलनीत चकरा मारल्या. शेजारीण फाटकात उभी राहून विचारायची, दीदी, गाँव जा रहे हो क्या? तेव्हाही हे पुढच्या कोपऱ्यावर आणि मी पाणीपुरीच्या बंद गाड्यापाशी. मी मनाची समजूत घातली की तिकडे गेल्यावर माणूस बदलेल.

माणूस तसूभर बदलला नाही. तिबिलिसीच्या किल्ल्यावर मी धापा टाकत पोचले, तोवर यांचं शहर पाहून झालेलं. "झालं पाहून, चाल," म्हणून हे उतरायलाही लागले. चर्चमध्ये तेच, जुन्या पुलावर तेच. प्रत्येक जागा मला यांची उष्टी मिळाली. तिसऱ्या दिवशी मेट्रोत हे चढले, दार बंद झालं आणि मी फलाटावर राहिले. दोघांचे पासपोर्ट यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये, मेट्रोचं कार्ड यांच्या खिशात, तिकडचं सिम यांच्याच फोनमध्ये. माझ्याजवळ पाण्याची बाटली आणि चिवड्याचा पुडा. पुढच्या स्टेशनवरून हे परत आले आणि मलाच विचारलं, तू मागं काहून राहिली?

त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोहे परतता परतता मी मनातलं सगळं काढलं. शेजारी एक जर्मन मुलगी अंडी उकडत होती, तिच्यासमोरच. हे शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तुले वाट काढून देतो ना."

"इथं कोणाले बाजूले सारून वाट काढून राहिले तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मात्र हे माझ्या शेजारून चालले. पहिल्या सिग्नलपर्यंत.

मेस्तियात आमच्या हाती एकच स्वच्छ दिवस होता. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण म्हणाली, दुपारपर्यंत वरची हिमनदी दिसेल, मग ढग येतील, आणि उद्यापासून पाऊसच. उद्या तर आम्हाला निघायचंच होतं. सकाळी गावाबाहेरचा पूल ओलांडून आम्ही चढायला लागलो. वाटेत चार गाई सोडल्या तर गर्दी म्हणून नव्हती. तरी हे आपले पुढे, जणू मागून लोंढा येतोय. तासाभराने माझ्या बुटात खडा गेला. मी वाकून तो काढला आणि वर पाहिलं तर वाट रिकामी.

थोडं पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. कुठला धरायचा ते मला माहीत होतं, दगडावर लाल-पांढऱ्या रंगाची खूण स्पष्ट होती. भरभर चालले असते तर अर्ध्या तासात यांना गाठलंही असतं. पण माझ्यातलं काहीतरी त्या जागी संपलं. म्हटलं, आज मी जात नाही. आज पाहू या, हा माणूस मागे केव्हा वळतो. मी त्या खुणेच्या दगडावर बसले.

दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. मी चिवडा खाल्ला. एक तास झाला तेव्हा रागाचं रडू झालं होतं, आणि रडण्याचाही राग येत होता. एवढ्या लांब येऊन, गुडघ्यांना पट्टे बांधून, मी एका दगडावर बसून नवरा मागे वळतो का याची परीक्षा घेत होते. वर डोंगराच्या कडेला ढग जमायला लागले होते आणि तरीही मी उठले नाही.

बऱ्याच वेळाने वरून एक माणूस धावत येताना दिसला. कोणी परदेशी असेल म्हणून मी पाय आवरून घेतले. तो जवळ आला तेव्हा कळलं, हे आहेत. पाठीवर काही नव्हतं, म्हणून ओळखू आले नाहीत, आणि समोरून येताना पाहायची मला सवयही नव्हती. तोंड पांढरं पडलेलं, ओठ सुकलेले.

"मले वाटलं तू मागंच आहेस."

"मागं कधी पाहिलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं, पण यांनी खरंच आठवून पाहिलं. म्हणाले, "पुलावर." पूल म्हणजे गावाच्या तोंडाशी.

हिमनदी कशी होती, ते मी मुद्दाम टोचून विचारलं. हे माझ्या बाजूला दगडावर बसले. म्हणाले, "पोचलो. तुले दाखवाले वळलो, तर तू नाही. मग पाहिलीच नाही."

मला दया यायला हवी होती. संतापच आला. सव्वीस वर्षं सगळं आधी पाहून मोकळं होणारा माणूस, आणि जी एक गोष्ट उरली होती तीही याने स्वतः धड पाहिली नाही. तोंड उघडलं असतं तर भांडण गावापर्यंत पुरलं असतं, म्हणून मी बुटाची नाडी बांधून उठले.

हे सॅक वरच टाकून आले होते, म्हणून पुन्हा चढावं लागलं. वाट दोघांपुरती रुंद नव्हती. यांनी मला पुढे केलं. मागून यांचा श्वास ऐकू येत होता, माझ्याइतकाच फुललेला. हे दमतात, हे मला तेव्हा कळलं. मी वेग कमी केला, पण का केला ते सांगितलं नाही.

वर पोचलो तेव्हा ढग खालपर्यंत उतरले होते. हिमनदी नाही, डोंगर नाही, समोर नुसतं पांढरं. हे माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्या पांढऱ्यात बोट दाखवून म्हणाले, इथंच होती. मी त्या बोटाच्या दिशेने पाहिलं. हेही पाहत होते. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो, आणि तिथे पाहायला काहीच उरलं नव्हतं.