झोपा मोजणारा ड्रायव्हर

दयाराम कोळ्याने सतरा वर्षांत इतक्या जातींच्या गाड्या हाकल्या होत्या, की बुडाखालच्या नुसत्या हादऱ्यावरून तो गाडी कुठल्या मुलखाची ते सांगायचा. बूड आणि कंबर ही त्याची दोन यंत्रं. त्यातली कंबर एकोणीसशे अठ्ठावन्न सालापर्यंत पार कामातून गेली होती.

गाडी तो लढाईत शिकला, लष्कराच्या लॉरीवर. लढाई संपली की गावी, आगरदांड्याला, परत यायचं आणि थोरल्या भावाच्या, सदाच्या, बोटीवर जायचं असं ठरलेलं होतं. पण सत्तेचाळीस साली मुंबईच्या एका शेठने त्याला ठेवून घेतलं. ‘दोन वर्षं रहा, मग जा’ म्हणाला. त्या दोन वर्षांची अकरा झाली. दयारामची बायको केसर कोळीवाड्यात सुकट वाळवत राहिली, आणि दयाराम धूळ खात हिंदुस्थानभर फिरत राहिला.

शेठला नाद होता शर्यतीच्या गाड्यांचा. इंग्रज साहेब गाशा गुंडाळून जायला लागले तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या गाड्या याने एकेक करून उचलल्या. सगळ्या दोन माणसांच्या, जमिनीला पोट लावून चालणाऱ्या. बैलगाडी शेजारून गेली तर तिच्या चाकांचा आख डोळ्यांसमोर यायचा. अशा गाडीत बसून शेठ दरसाल इंदूर, दिल्ली, मद्रास असे दौरे काढायचा आणि परत आल्यावर मुंबईच्या एका इंग्रजी मासिकात गाडी कशी पळाली त्याचं वर्णन लिहायचा. गाव जवळ आलं की चाक शेठच्या हातात. गावाबाहेर खड्डे, घाट, नदीतले उतार लागले की दयारामच्या. मुक्कामाला पोचल्यावर शेठ वही उघडायचा, “बोल दयाराम, गाडी काय म्हणते?”

दयाराम कंबर चोळत सांगायचा. लाल इटालियन गाडीबद्दल म्हणाला होता, “शेठ, हिचं नाक हलकं हाय. वेगात सुकाणू हातात ऱ्हात न्हाय.” हिरव्या इंग्रजी गाडीबद्दल म्हणाला, “वळणावर हिची पिछाडी भायेर पलते. पन आधीच जरा उलट दाब दिला का मुकाट येते, आपली होडी लाटंवर येते तशी.” शेठ ते सगळं इंग्रजीत उतरवून घ्यायचा आणि खाली स्वतःचं नाव घालायचा. दयारामला त्याचं काही वाटत नसे. त्याला एकच वाटायचं, की आता पुरे.

अठ्ठावन्न साली माघात हिरव्या गाडीचा मोठा दौरा झाला. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून परत. दिवसा इंजिन तापायचं म्हणून बराच प्रवास रात्री, आणि झोप मिळेल तेव्हा मिळेल तिथे. दुपारी धर्मशाळेत दोन तास, पहाटे एखाद्या पेट्रोल पंपाच्या ओट्यावर दोन तास. मुंबईत आल्यावर निदान चार दिवस पाठ टेकायला मिळेल असं दयारामला वाटलं होतं. शेठ म्हणाला, सगळं झालं, फक्त जास्तीत जास्त वेग मोजायचा राहिला, आणि असा सरळ सपाट रस्ता अख्ख्या मुंबई राज्यात नाही. दिवेआगरच्या पुळणीवर मात्र आहे. ओहोटीला तिथली वाळू फरशीसारखी घट्ट असते, हे त्याला कधी काळी सांगितलं होतं दयारामनेच.

दिवेआगरला जायचं तर आगरदांड्याची खाडी ओलांडायची. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या, आणि त्यावर गाडी चढवून पलीकडे दिघीला उतरवायची. दुपारी एकच्या सुमाराला, भरल्या पाण्यात, फळ्या बांधून होईपर्यंत दयाराम भावाकडे गेला. सदा बोट किनाऱ्यावर ओढून तिला तेल लावत होता. त्याचे गुडघे सुजले होते.

“दया, माझ्यानं आता सुकाणूवर बसवत न्हाय,” सदा म्हणाला. “होळीला बोट पान्यात घालायची. तुजी आशा हाय मना. बापाची जागा हाय, तू तांडेल हो. खलाशांना मी सांगून ठेवलंय.”

तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. पाणी कधी चढेल, कधी उतरेल, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्याच्या डोक्यात. सात माणसं त्याच्या शब्दावर समुद्रात जातात.  अकरा वर्षं दयाराम याच शब्दांची वाट पाहत होता, आणि ते आले तेव्हा त्याच्या अंगात हसण्याचंही त्राण नव्हतं.

“येतंव दादा. ही शेवटची खेप. शेठला उद्याच सांगतंव.”

केसर दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, “तुमी असं ढीगभर वेला सांगितलाय.” मग तिने त्याच्या हातात भाजलेला बोंबील आणि भाकरी बांधून दिली.

संध्याकाळी दिवेआगरला पोचल्यावर दयाराम किनाऱ्यावर आला. सुरूच्या झाडांखाली उभं राहून त्याने मावळतीला पाहिलं. त्याच्या हिशेबाने आज द्वितीया, म्हणजे चंद्राची बारीक कोर दिसायला हवी होती. दिसली नाही. धुरकट होतं, लवकर मावळली असेल, असं म्हणून तो मुक्कामाच्या वाडीतल्या पडवीत जाऊन आडवा झाला.

आता हा हिशेब कसा होता ते सांगायला हवं. कोळ्याला पंचांग लागत नाही. अवसेला, पुनवेला पाणी भर दुपारी पूर्ण भरतं आणि मग रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तास, उशिरा. तिथी ठाऊक असली की पाणी ठाऊक. दौऱ्यावर दयाराम तिथी मोजायचा ती झोपेवर. एक झोप, एक दिवस. लष्करातही तसंच मोजलं आणि कधी चुकलं नाही. पण या दौऱ्यात दोन दिवस असे गेले, की दुपारी एकदा झोपला आणि पहाटे पुन्हा एकदा. थकलेल्या डोक्याने चार झोपा म्हणून त्या दोन दिवसांचे चार दिवस धरले. कोणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण कोळ्याने दुसऱ्याला तिथी विचारायची? त्यापेक्षा मेलेलं बरं.

सकाळी नऊला गाडी पुळणीवर उतरली. तृतीया धरली तर ओहोटी संपून पाणी नुकतंच फिरलं होतं, अजून तासभर तरी भीती नव्हती. दयारामने पाय दाबला आणि हिरवी गाडी सुटली. खड्डा नाही, बैल नाही, कोंबडी नाही. इंजिनाचा तो किरकिरा आवाज मऊ झाला, चाक बोटांवर तोललं, आणि कित्येक महिन्यांनी त्याची कंबर दुखायची थांबली. शेठ हातातल्या घड्याळाकडे पाहून लहान मुलासारखा ओरडत होता. खरं सांगायचं तर दयारामलाही गाडी आवडायची. हे त्याने कोणाला सांगितलं नसतं.

तिसऱ्या फेरीला खाडीकडच्या टोकाला गाडी वळवताना मागची चाकं फसली. एक ओहोळ तिथे वाळूत जिरत होता. शेठ घाबरला, पण दयाराम शांतपणे उतरून हाताने वाळू उकरायला लागला. मुक्कामाच्या वाडीतला माडावर चढणारा रंगू नारळ उतरवायला निघाला होता, तो धावत आला.

“दयारामभाऊ, बैलजोडी आणू का? पाणी चढतंय.”

“अरं, अजून तासाचा येळ हाय. आमी निघू निवांत.”

“न्हाय हो, बघा ना, चढतंय.”

“रंगू, तू माडावर चढ,” दयाराम त्याच्याकडे न बघता म्हणाला. “कोल्याला पानी नको शिकवू.”

 ज्याचं काम त्याला ठाऊक, असं रंगूलाही वाटलं असणार. तो चार पावलं मागे सरून उभा राहिला.

दयाराम उकरत होता तोच पायाला गार लागलं. त्याने मान वर केली. पाण्याची कड जिथे तासाभराने यायची तिथे आत्ताच होती, आणि अवसेच्या उधाणाला येते तशी जोरात येत होती. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. “रंगू, आज तिथी काय?” अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं.

“पाडवा. काल अवस नव्हती का?”

बैल आले तेव्हा गाडीच्या आसनांवरून पाणी खेळत होतं. बैल पाण्याला बुजले. संध्याकाळी पाणी उतरल्यावर वीस माणसांनी ती ओढून काढली. इंजिनात वाळू आणि मीठ, चामड्याच्या आसनांत खेकडे.

शेठ रागावला नाही, हेच फार वाईट झालं. “अरे, विमा आहे तिचा. दयाराम, तोंड कशाला पाडतो?” असं म्हणून त्याने पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात त्याने समुद्राशी झालेल्या शर्यतीवर चार पानं लिहिली आणि लोकांनी म्हणे फार वाखाणली.

गाडी बुडाल्यावर दोन दिवसांनी दयाराम आगरदांड्याला उतरला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. कोळीवाड्यातून चालताना बायका बोलायच्या थांबल्या. जाळी विणणाऱ्या पुरुषांनी माना वर केल्या नाहीत. हसला कोणीच नाही, त्याचंच त्याला भय वाटलं.

सदा बोटीशीच बसला होता. तेलाचा बोळा त्याने खाली ठेवला. मग म्हणाला, “दया, गाडीचं काय न्हाय रं. गाडी लोखंडाची. पन खलाशी येऊन गेले. सात घरं हायत माज्यावर. त्या लोकांना मी काय सांगू?”

“जागा कोनाला देतंस?”

“कालूरामला. दहा वर्सं बोटीवर हाय.”

दयाराम वाळूत बसला. वाटलं की भांडावं, रडावं, बापाचं नाव घ्यावं. यातलं काहीच जमेना, कारण सदाच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं.

“बराबर केलंस दादा,” तो म्हणाला. “माज्या बोटीवर मी पन बसलो नसतो.”

सदाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं भाऊ ढसाढसा रडले. केसरने दुरूनच पाहिलं, आणि ती घरात जाऊन त्याची मुंबईला न्यायची पिशवी भरायला लागली.