कडक ग, मऊ ग

डच भाषा शिकलो म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय काय आलं ते मला माहीत आहे. विमान. रंगीत फुलांची शेतं. सायकलवरून जाणारी गोरी मुलगी, आणि शेवटी तिच्याशीच लग्न. सगळं पुसून टाका. मी नाशिकच्या पुढे कधी गेलेलो नाही, आणि नाशिकला पण गेलो तो बाबांच्या अस्थी घेऊन. डच मी भिवंडीत शिकलो. गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर, खाली फोर्कलिफ्ट मागे येताना टूं टूं वाजतो तिथे. मुलगीबिलगी कुणी नव्हती. एक मॅडम होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या, आणि पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "थुंकायच्या आधी जसा आवाज येतो तसा काढा. पण थुंकू नका."

झालं असं की मी खाली बॉक्स स्कॅन करायचो. गावच्या मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेलो, इंग्रजी बेताचं. पण मला एक खोड आहे, कुणाचाही आवाज काढतो. ट्रकवाल्या भैयाचा, मारवाडी शेठचा, गेटवरच्या सिक्युरिटीचा. सुपरवायझर वॉकीटॉकीवर ओरडला की मी मागून तसाच ओरडायचो आणि माणसं दोन्हीकडे पळायची. तेव्हा कंपनीने वर एक नवीन खोली काढली. तिकडे नेदरलँडमध्ये लोक घरबसल्या पडदे, उशा, दिवे मागवणार, पार्सल उशिरा आलं की फोन करणार, आणि तो फोन आमच्याकडे वाजणार. डच येणारी माणसं पाहिजे होती. ती भिवंडीत कुठून मिळणार? म्हणून शिकवायचं ठरलं. सुपरवायझर म्हणाला, "ह्या पोपटाला घेऊन जा वर, माझं डोकं तरी शांत होईल."

हिशोब सरळ होता. शिकायचं, शेवटी परीक्षा. पास झालो तर वर खुर्ची, एसी, कानाला हेडफोन, कायमची नोकरी. नापास झालो तर परत खाली, हातात स्कॅनर.

ट्रेनिंग सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा बाबा गेले. निजामपुऱ्यात एका कारखान्यात लूमवर होते. चालू शिफ्टला छातीत दुखलं, बाकड्यावर बसले, संपलं. त्यांना आमच्या गावी, दिघाशीला, घरी आणलं तेव्हा सगळं गाव रडलं. मी रडलो नाही. आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पोराचं काळीज दगडाचं हाय." दगडाचं पण नव्हतं. दगड निदान जड लागतो. दातांच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही? तसा मी अख्खा झालो होतो.

तेरावं झालं, मी वर्गात जाऊन बसलो. कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचो. खरंच बरं होतं. काहीच होत नव्हतं म्हणजे बरंच म्हणायचं ना.

डच तोंडाने शिकायची भाषा आहे, डोक्याने नाही. त्यांचा एक स्वर आहे, त्यात जीभ 'ई' म्हणते आणि ओठ 'ऊ' म्हणतात. एकाच तोंडात नवराबायकोचं भांडण. दुसरा एक आहे, तो 'आ' म्हणून सुरू होतो आणि मध्येच शिट्टी मारायला निघतो. घराला ते जे म्हणतात त्यात हाच येतो. माझ्या शेजारच्या पोराला आठवडाभर घरच बांधता आलं नाही. वर ते लोक पण सगळीकडे एकसारखं बोलत नाहीत. 'र' कुणी जिभेवर नाचवतो, कुणी घशात गुळण्या केल्यासारखा करतो. शब्दाच्या शेवटचा 'न' बहुतेक जण खाऊन टाकतात, आणि एका कोपऱ्यातले लोक 'न' ठेवतात, त्याच्या आधीचंच गिळतात. पोरं वैतागली. मी नाही वैतागलो. आमच्या तालुक्यात सकाळी घरी 'न्हाय', टमटममध्ये 'नहीं', ऑफिसात 'नाही'. समोरचा बघून तोंड बदलायची आम्हाला लहानपणापासूनची सवय.

मग आला त्यांचा ग. लिहितात ग, पण निघतो ख, तोही आपला नाही. घशाच्या पार मागून, खरवडून. उत्तरेकडे तो कडक असतो. दक्षिणेकडे मऊ. मॅडम म्हणाल्या, "आपले कस्टमर उत्तरेचे, आपल्याला कडक पाहिजे." माझी पाळी आली, मी काढला.

मॅडम थांबल्या. "हा कुठे शिकलास तू?"

"घरी."

सगळे हसले. पण ते खरं होतं.

आमच्याकडे बाप्यामाणसाने घरात शिरताना खाकरायची रीत आहे. आत सुना असतील, कुणाचा पदर खाली असेल, कुणी पाय पसरून बसली असेल, त्यांना कळावं म्हणून. बाबांनी ती रीत पार पुढे नेली होती. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काढलेलं, तिथे बोलून उपयोग नाही, त्यामुळे घरी पण शब्द कमी. सगळं घशातूनच. दारात खाकरले म्हणजे आलो. जेवताना खाकरले म्हणजे भाजीत मीठ नाही. आणि सकाळी मागच्या अंगणात, तोंड धुतल्यावर, एक लांब, खोल, खरवडून काढलेलं खाकरणं. म्हणजे चहा ठेव. आईने त्यावर कधी "हो" म्हटलेलं मी ऐकलं नाही. पातेल्याचा आवाज यायचा, तेच तिचं उत्तर.

हे सकाळचं खाकरणं मी सातवीत असताना बसवलं होतं. बाबा नाईट शिफ्टला असले की मी मागे जाऊन तसाच खाकरायचो. आई पातेलं ठेवायची, बाहेर यायची, मला बघायची आणि हातात जे असेल ते फेकायची. पण चहा होऊन गेलेला असायचा, मग तो आम्ही दोघं प्यायचो. दर वेळी फसायची बिचारी. डचांचा कडक ग म्हणजे तेच. बाबांनी मला तो फुकटात शिकवून ठेवला होता.

मॅडमनी गृहपाठ दिला. सकाळी उठल्या उठल्या घसा मोकळा असतो, तेव्हा कडक ग घासायचा. त्यांचा अठ्ठ्याऐंशी आकडा त्यासाठी बरा, एका शब्दात तीनदा घसा खरवडतो. मी मागच्या अंगणात उभा राहिलो आणि सुरू केलं. आख्त, आख्त, आख्तनताख्तिख.

आत पातेलं वाजलं.

मी खिडकीतून बघितलं. आईने चुलीवर चहा ठेवला होता. आलं ठेचत होती. शेजारी तिचा कप, आणि बाबांचा स्टीलचा पेला. तो पेला बाबांशिवाय घरात कुणी घेत नसे. तेराव्यानंतर घासून फळीवर पालथा घातलेला मी स्वतः बघितला होता. आता तो सुलटा होता.

मला समजलं. हिला वाटतंय ते आलेत.

काहीतरी व्हायला पाहिजे होतं मला. पाय लटपटतात म्हणे माणसाचे, पोटात खड्डा पडतो म्हणे. मला फक्त एवढं दिसलं की मोरीपाशी बादली भरून वाहतेय. मी नळ बंद केला, आत गेलो, डबा उचलला, "उशीर झाला" म्हणालो आणि निघालो. दुसऱ्या सकाळी परत तेच करून बघितलं, हळू आवाजात. परत पातेलं, परत पेला. त्यानंतर मी घरात तो आवाज काढायचा बंद केला.

पण परीक्षा तर होती. मग मी मऊ ग धरला, दक्षिणेतला. त्याला आवाजच नाही. गरम भजी तोंडात टाकल्यावर आपण हवा सोडतो ना, तसा तो तोंडातल्या तोंडात निघतो. टमटममध्ये बसून तेवढाच घासायचो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "क्या भाई, मिर्ची लगी क्या?"

"नहीं चाचा, पढ़ाई कर रहा हूँ."

"ऐसी कौनसी पढ़ाई है, जिसमें मुँह जलता है?"

टमटम हसली. मी पण हसलो, म्हणजे तोंडाने तसा आकार केला.

सकाळी चहा न घेता निघायची सवय लागली. आई दारापर्यंत यायची. मी मागे न बघता टमटम पकडायचो. गोडाऊनच्या टपरीवर चहा मिळायचा, पाणचट.

मॅडमच्या कानाला ते लागलंच. "तुझा ग कुठे गेला? सगळ्यात चांगला तुझाच होता."

"आहे मॅडम, परीक्षेला काढतो."

परीक्षा घ्यायला स्क्रीनवर खराखुरा डच साहेब आला. तरुण, टकला, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. तो चिडलेला कस्टमर झाला, त्याचे पडदे आले नव्हते. मी सुरुवात कडक केली. खुदेमॉर्खन, म्हणजे त्यांचं गुड मॉर्निंग, अगदी बाबांसारखं. तो शब्द तोंडातून निघाला आणि मी पातेल्याच्या आवाजासाठी थांबलो. एसीच्या खोलीत, हेडफोन घालून, मी थांबलो. पुढचा ग आपोआप मऊ आला. मग एक कडक, दोन मऊ, असा सगळा खिचडा. साहेबाने आधी भुवया वर केल्या, मग हसायला लागला, मग हसायचा थांबला. मॅडमशी काहीतरी बोलला.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मऊ चुकीचा नाही रे. पण अर्धं वाक्य उत्तरेचं, अर्धं दक्षिणेचं असं कोण बोलतं? त्याला वाटलं तू त्यांची नक्कल करून टिंगल करतोयस. एक संधी आहे अजून, पुढच्या बॅचला. तोपर्यंत खाली."

मी खाली गेलो. स्कॅनर हातात घेतला. सुपरवायझर म्हणाला, "आला का पोपट परत?" आणि मी त्याच्याच आवाजात म्हटलं, "आला." कुणी हसलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हटलं, "नापास झालो."

"का? एवढं काय अवघड होतं?"

"एक आवाज येत नाही."

"कुठला?"

मी डबा ओट्यावर ठेवला. ती सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मागच्या अंगणात काढत होतास, तो?"

मी मान हलवली.

"मंग तो तर येत होता. बंद का केलास?"

आता बोलणं भाग होतं. म्हटलं, "तू चहा ठेवायचीस. बाबांच्या पेल्यात. मला वाटलं, तुला वाटतंय की..."

वाक्य पूर्ण झालं नाही, सुपातले मूठभर तांदूळ माझ्या अंगावर आले.

"मेल्या, मी येडी हाय का? त्यांना अग्नी तू दिलास, ते मना ठाऊक न्हाय? त्यांचं खाकरणं कुठलं आणि तुझं कुठलं, हे मना कळत न्हाय? तू सातवीत होतास तेव्हापासून कळतंय! ते नाईटला असताना मागच्या दारी कोण खाकरणार, भूत? चहा तुझ्यासाठी ठेवत होते, तेव्हाबी आणि आताबी. पेला तुझ्यासाठी काढला. घरात आता कमावता बाप्या कोण हाय? तर हा मुडदा डबा उचलतो नि उपाशीपोटी पळतो! मी रोज दारात येऊन उभी, आणि हा टपरीवर पाणी पितो चहाचं! आलं सुकून गेलं माझं. आणि वर नोकरीबी घालवून आला, का तर म्हणे आईला वाटंल! अरे, मना विचारायचंस तरी! सगळ्या दुनियेचे आवाज काढतोस, घरात तोंड उघडायला काय झालं होतं? उचल ते तांदूळ. एक एक दाणा उचल. आणि उद्या सकाळी मागे जाऊन नीट खाकर, शेजारच्या आळीत ऐकू गेलं पायजे. चहा गार झाला तर बघ."